इंजिन नंबर आरसीशी जुळत नाही: जुनी फियाट, पद्मिनी किंवा अँबेसिडर घेण्याआधी इंजिन कसं ओळखायचं

गाडी आवडली, व्यवहार झाला, रंगकामही झालं. मग नावावर करायला किंवा पासिंगला आरटीओत नेली आणि निरीक्षक म्हणाले, इंजिन नंबर जुळत नाही. जुन्या गाड्यांच्या कामात माझ्याकडे सगळ्यात जास्त वेळा येणारं दुखणं हेच आहे. कार्बोरेटर, गिअरबॉक्स, ब्रेक ही दुखणी पैसे टाकले की बरी होतात. हे दुखणं गाडी घेतल्यावर बरं होईलच याची खात्री नाही. घेण्याआधी मात्र ते जवळजवळ फुकटात सापडतं.

गाडी बघायला जाताना लोक ओळखीच्या मेस्त्रीला बरोबर नेतात. मेस्त्री इंजिन चालू करतो, आवाज ऐकतो, धूर बघतो आणि सांगतो, इंजिन चांगलं आहे. ते खरंही असतं. पण इंजिन चांगलं आहे का, हा दुसरा प्रश्न. ते कोणतं आहे आणि याच गाडीचं आहे का, हा पहिला. पहिल्याचं उत्तर मिळेपर्यंत दुसऱ्याला हात घालू नका, कारण उत्तम चालणारं इंजिन ऐकलं की माणूस पुढचे प्रश्न विचारायचंच विसरतो.

फियाट-पद्मिनीत हा घोळ इतका का होतो, तेही समजून घ्या. प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून निघालेली फियाट ११०० डिलाइट, तिचीच पुढे झालेली प्रेसिडेंट आणि १९७४ पासूनची पद्मिनी, या सगळ्यांच्या बोनेटखाली मुळात एकच १०८९ सीसीचं पेट्रोल इंजिन होतं. ६८ मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास), ७५ मिमी स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल), बिडाचा ब्लॉक (इंजिनाचं मुख्य धड), त्यावर अॅल्युमिनियमचं हेड, पुशरॉडवर चालणारे व्हॉल्व. एका गाडीचा ब्लॉक दुसरीत सहज बसतो. त्यात मुंबईच्या टॅक्सी. शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली आणि २० वर्षांची मुदत संपून ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावरून उतरली. टॅक्सीचं इंजिन निकामी झालं की धंदा बंद, म्हणून मालक दुरुस्तीची वाट न बघता दुसरं इंजिन चढवून मोकळा व्हायचा. भंगारात गेलेल्या गाड्यांची इंजिनं कुर्ल्याच्या भंगार बाजारातून, पुण्यात नाना पेठेतून पुन्हा फिरत राहिली. बहुतेकांच्या मनात लबाडी नव्हती. आरटीओत नोंद करायची राहून गेली, एवढंच. पण त्याचा त्रास आजच्या खरेदीदाराला होतो.

लक्षणं

खालीलपैकी एखादं दिसलं तर लगेच पाठ फिरवू नका, पण पुढची प्रत्येक तपासणी करा. दोन-तीन एकत्र दिसली तर इंजिन बदललेलं आहे असं धरूनच चाला.

- विक्रेता आरसीचा फोटो पाठवतो, पण इंजिन नंबरचा फोटो मागितला की 'ग्रीस आहे, दिसत नाही' असं सांगतो.
- फाउंडेशनच्या, म्हणजे इंजिन ज्यावर टेकतं त्या, ब्रॅकेटवर वेल्डिंगचे ताजे टाके, चेसिसच्या पत्र्याला नवी भोकं, शेजारी जुनी रिकामी भोकं.
- १९८०च्या आसपासची पद्मिनी, पण गिअरचा दांडा स्टिअरिंगला नाही, खाली मजल्यावर आहे. मजल्यावरचा गिअर खूप नंतरच्या एस-वन मॉडेलला आला. गिअरबॉक्स बदलला असेल तर त्याच्याबरोबर इंजिनही आलं असण्याची शक्यता मोठी.
- तापमानाच्या किंवा ऑइलच्या काट्याची वायर नुसती लोंबकळते, किंवा काटे मेलेले आहेत.
- रेडिएटर दुसऱ्याच गाडीचा, होजला मध्येच जोड, सायलेन्सरचा पाइप वेडावाकडा वळवून नेलेला.
- आरसीवर पेट्रोल, पण पुढची स्प्रिंग दबलेली आणि नाक खाली गेलेलं. डिझेल इंजिनाचं वजन असं दिसतं.
- आधीच्या मालकाला पार्ट 'जुळवून' बसवावे लागायचे. हे विक्रेता स्वतःच कौतुकाने सांगतो, आणि हे लक्षण मी सगळ्यात गंभीर मानतो.

आधी कागद. घरबसल्या, फुकट.

आरसीच्या दोन्ही बाजूंचा स्वच्छ फोटो मागवा. जुनं पुस्तक असेल तर प्रत्येक पानाचा, शेरे मारलेल्या पानांसकट. इंजिन बदलाची नोंद झालीच असेल तर ती बहुधा त्या शेऱ्यांत असते आणि स्मार्टकार्ड करताना गळून गेलेली असू शकते.

बघायचं काय? इंधन, सीसी, सिलिंडरची संख्या, उत्पादनाचं वर्ष, चेसिस नंबर, इंजिन नंबर. पद्मिनीच्या आरसीवर १०८९ असायला हवं. ११७१ लिहिलं असेल तर तो ११८ एनईचा, प्रीमियरच्याच नंतरच्या गाडीचा, आकडा. तिच्यात निस्सानचं ए-१२ इंजिन होतं, ७३ मिमी बोअर आणि ७० मिमी स्ट्रोकचं. १३६६ आणि डिझेल असेल तर ती नंतरची डिझेल पद्मिनी, १३७-डी. १२२१ दिसलं तर थबका. इटलीत विकल्या गेलेल्या फियाट ११००-डी ला, म्हणजे आपल्या डिलाइटच्या मूळ गाडीला, तेवढं मोठं इंजिन होतं, भारतातल्या गाडीला नव्हतं. कुणीतरी परदेशी पुस्तकातून आकडा उचललेला असतो.

मग एमपरिवहन अॅपवर गाडीचा नंबर टाका. नोंद सापडली तर इंधन, वर्ष, फिटनेसची मुदत, कर्जाचा बोजा आणि गाडी काळ्या यादीत आहे का, हे कळतं. नोंदच नाही निघाली तर घाबरू नका. जुन्या गाड्यांची पुस्तकं संगणकावर चढलेली नसतात. मूळ आरटीओत जाऊन बॅकलॉगची नोंद करून घ्यावी लागते. ती विक्रेत्याने करून द्यावी, तुम्ही घेतल्यावर नाही. चोरीच्या गाड्यांची नोंद एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) नागरिक सेवांच्या संकेतस्थळावर बघता येते, तीही बघून टाका.

ही तपासणी आधी करायची कारण साधं आहे. कागदच बरोबर नसेल तर इंजिन कशाशी ताडून बघणार?

बोनेट उघडा. हत्यार नको, इंजिन गार हवं.

इंजिन गार असतानाच जा. गेल्या गेल्या हात लावून बघा. आधीच गरम करून ठेवलं असेल तर काहीतरी लपवलं जातंय, निदान चालू व्हायला त्रास होतोय, असं समजा.

पहिल्यांदा चेसिस नंबर. पद्मिनीला वेगळी चेसिस नसते, बॉडी हीच चेसिस. नंबर बोनेटखालच्या पत्र्यावर ठोकलेला असतो आणि कंपनीची पट्टी वेगळी असते. पट्टी दोन रिव्हेटवर बसते, म्हणून ती कुणीही दुसऱ्या गाडीवर बसवू शकतो. पत्र्यावर ठोकलेला नंबर महत्त्वाचा. तो आरसीशी जुळला नाही तर इंजिन बघायची गरजच उरत नाही, तिथेच थांबा.

मग इंजिन नुसतं बघा. करंटच्या चार वायरी आणि डिस्ट्रिब्युटर दिसतो का, की डिझेलचा पंप आणि नोझलच्या लोखंडी नळ्या? कार्बोरेटर कोणता? टॅपेट कव्हरचा, म्हणजे हेडवरच्या झाकणाचा, आकार तुम्ही पाहिलेल्या दुसऱ्या पद्मिनीसारखा आहे का? जाण्याच्या आदल्या दिवशी ओळखीतल्या, खात्रीच्या एका पद्मिनीचं बोनेट उघडून चारही बाजूंनी फोटो काढून ठेवा आणि ते शेजारी धरून ताडा. पुस्तकातल्या चित्रापेक्षा हे बरं, कारण इथल्या गाड्यांना कालांतराने डायनामोच्या जागी अल्टरनेटर येतो, एअर फिल्टर बदलतो, तरी ब्लॉक आणि हेडचा घाट तोच राहतो. सुट्या अवयवांवरून निष्कर्ष काढू नका. स्टार्टर, डायनामो, कार्बोरेटर हे सगळे बदलण्यासाठीच असतात.

सीएनजीच्या खुणा बघा: कार्बोरेटरच्या तळाशी मिक्सरसाठी पाडलेलं भोक, डिकीत सिलिंडरच्या पट्ट्यांची भोकं. सीएनजीवर खूप चाललेल्या इंजिनाच्या व्हॉल्वच्या सीटा खाली बसतात. तो वेगळा खर्च. पण आधी प्रश्न असा की आरसीवर सीएनजीची नोंद आहे का, होती का, आणि किट काढल्यावर ती कमी केली का.

नंबर शोधणं

इथे घाई करू नका. बहुतेक खरेदीदार याच पायरीला कंटाळतात.

लागेल ते सामान: जुना टूथब्रश, थोडं रॉकेल किंवा डिझेल, सुती चिंधी, छोटा टॉर्च, आरसा, खडू. तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, कानस, ग्राइंडर यांपैकी काहीही नेऊ नका आणि विक्रेत्याला वापरू देऊ नका. ठोकलेल्या नंबराची खोली किती थोडी असते! तारेच्या ब्रशने दहा मिनिटं घासलं तर खरा नंबरसुद्धा खाडाखोड केल्यासारखा दिसू लागतो, आणि मग निरीक्षकाला समजावता समजावता नाकी नऊ येतात.

इंजिन नंबर ब्लॉकवर ठोकलेला असतो, हेडवर किंवा टॅपेट कव्हरवर नाही. त्यासाठी ब्लॉकवर मुद्दाम सपाट केलेली एक छोटी जागा असते. तिच्यावर वर्षानुवर्षांच्या ऑइलची आणि धुळीची डांबरासारखी साय चढलेली असते. रॉकेल लावा, थोडा वेळ मुरू द्या, ब्रशने एकाच दिशेने घासा, चिंधीने टिपा. पुन्हा तेच. साय उतरली की आधी नंबर दिसत नाही, करडं बीड दिसतं. आता टॉर्च समोरून मारू नका, बाजूने, पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून धरा. तिरप्या उजेडात प्रत्येक आकड्याची एक कड उजळते, दुसरीची सावली पडते आणि सपाट बिडातून आकडे वर येतात. खडू आडवा धरून हलकेच फिरवला तर पृष्ठभाग पांढरा होतो आणि खोलगट आकडे काळे राहतात. मग फोटो. एक जवळून, एक जरा लांबून, म्हणजे ही जागा याच ब्लॉकवरची आहे हे फोटोत दिसेल.

शेवटी पातळ कागद ठेवून पेन्सिल घासून छाप घ्या, आरटीओत चेसिस प्रिंट घेतात तसा. फोटोत डोळा फसतो, छापात आकड्याची उंची आणि अंतर जसंच्या तसं उतरतं.

नंबर जुळला नाही तर लगेच चोरी समजू नका

इथे माझा अनुभव सांगतो. न जुळणाऱ्या नंबरांपैकी बऱ्याच ठिकाणी इंजिन मूळचंच असतं आणि चूक लिहिणाऱ्याची असते. पुस्तकावरून पुस्तकावर, पुस्तकावरून कार्डावर उतरवताना शून्याचा इंग्रजी ओ होतो, पाचचा एस, आठचा बी, एकचा आय. नंबराच्या आधीची अक्षरं गाळलेली असतात. दोन आकडे उलटसुलट होतात. म्हणून छाप आणि आरसी शेजारी ठेवा आणि एकेक अक्षर मोजत जा. एक-दोन ठिकाणीच फरक असेल आणि तो असा दिसण्यातला असेल, तर ती कारकुनी चूक. मूळ आरटीओतल्या जुन्या नोंदवहीत बरोबर नंबर सापडला की ती दुरुस्त होते. हे काम वेळखाऊ आहे, पण सरळ आहे. तोही विक्रेत्याचाच प्रश्न आहे आणि किंमत ठरवण्याआधीचा आहे.

संपूर्ण वेगळाच नंबर असेल तर इंजिन बदललेलं आहे. मग प्रश्न एकच: नोंद आहे का? मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. इंजिन बदलायचं तर नोंदणी अधिकाऱ्याची मान्यता लागते. बदललेल्या इंजिनाचं खरेदी बिल, ते ज्या गाडीतून निघालं त्या गाडीची कागदपत्रं आणि आरसीवरचा शेरा, हे तिन्ही असेल तर अशी गाडी घ्यायला माझी हरकत नाही. बिल नाही, शेरा नाही, 'टॅक्सीचं होतं साहेब, लय भारी इंजिन' एवढंच असेल तर हरकत आहे.

नंबराची जागा अगदी कोरी दिसली तर तीही दोन प्रकारची असते. कंपनीचा सुटा ब्लॉक स्पेअरमध्ये यायचा, त्यावर नंबर नसायचा. अशा कोऱ्या ब्लॉकच्या जागेवर मशीनिंगच्या बारीक समांतर रेघा जशाच्या तशा असतात. घासून काढलेल्या जागेवर त्या रेघा मोडलेल्या असतात, ग्राइंडरचे गोल फराटे दिसतात किंवा जागा आजूबाजूपेक्षा किंचित खोलगट लागते. नखाने कडेवरून आत सरकत जा, बोटाला उतार कळतो.

पुन्हा ठोकलेला नंबरही असाच ओळखता येतो. कारखान्यातले आकडे एकाच घाटाचे असतात. बाजारातल्या पंचने ठोकलेले आकडे एकेक हाताने मारलेले असतात: एखादा तिरका, एखादा जास्त खोल, सहाची शेपटी एका ठिकाणी गोल आणि दुसऱ्या ठिकाणी सरळ. आकड्यांच्या तळाशी ताजं चकचकीत बीड आणि आजूबाजूला जुनी काळसर झाक असेल, तर तो नंबर गाडीच्या वयाचा नाही. आणि बाकी सगळं इंजिन कळकट असताना फक्त त्या चौकोनावर नवा रंग असेल तर तो रंग कशासाठी दिला, हे विचारा.

ओतीव अक्षरं आणि टॅपेट कव्हरचं पॅकिंग

ब्लॉकवर दोन प्रकारचे आकडे असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. उठावदार अक्षरं साच्यातून आलेली असतात. ती ब्लॉकचा प्रकार सांगतात आणि त्या साच्यातल्या प्रत्येक ब्लॉकवर सारखी असतात. खोलगट, ठोकलेला नंबर त्या एकाच इंजिनाचा. आरसीवर ठोकलेला नंबर असतो. विक्रेता कधीकधी अजाणता उठावदार आकडा दाखवून म्हणतो, हा घ्या नंबर. तो आरसीशी कधीच जुळणार नाही आणि उगाच वाद होईल. पण उठावदार आकड्याचाही फोटो घ्या. ठोकलेला नंबर खोटा करणं सोपं आहे, ओतीव अक्षर खोटं करणं फार कठीण. दोन्ही एकाच घराण्याचे निघाले पाहिजेत.

घराणं ओळखायची माझी आवडती युक्ती मात्र याहून सोपी आहे. आरसीवर जे इंजिन लिहिलंय त्याचं टॅपेट कव्हरचं नवं बुचाचं पॅकिंग दुकानातून घेऊन जा. वस्तू स्वस्त आहे आणि गाडी घेतलीत तर लागणारच आहे. कव्हरच्या कडेला ते धरा. लांबी, कोपऱ्यांचा गोलवा, बोल्टच्या जागा जुळल्या तर हेड त्या घराण्याचं. साताऱ्याकडची एक पद्मिनी होती. कागद स्वच्छ, रंग सुरेख, इंजिन मऊ चालणारं. पॅकिंग धरलं तर दोन्ही टोकांना जुळेना. पुढे चौकशीत कळलं की बोनेटखाली ११८ एनईचं इंजिन आहे. चालायला ते पद्मिनीपेक्षा सरसच, पण आरसीवर १०८९ आणि आत ११७१! मालकाला स्वतःलाच माहीत नव्हतं, त्याने तशीच घेतली होती. पॅकिंगची मर्यादाही लक्षात ठेवा: ते फक्त घराणं सांगतं. १९७०चा ब्लॉक की १९९०चा, हे त्यावरून कळणार नाही.

प्लगच्या भोकातून स्ट्रोक मोजू नका

प्लग काढून काडी घालायची, पिस्टन वर-खाली करून स्ट्रोक मोजायचा आणि सीसी काढायची, ही युक्ती बरेच जण सांगतात. या इंजिनांत प्लगचं भोक तिरकं असतं. काडी तिरकी जाते, माप चुकतं. ७० आणि ७५ मिमीतला फरक त्या चुकीतच बुडून जातो. शिवाय काडी मोडून आत पडली तर हेड खोलल्याशिवाय ती निघत नाही. कॉम्प्रेशन गेज जरूर लावा, पण ते तब्येत सांगतं, ओळख नाही.

आता चालू करा

आतापर्यंत सगळं जुळलं असेल तरच. थंड इंजिन किती वेळात पकडतं, ऑइलचं प्रेशर लगेच येतं का, गरम झाल्यावर आयडलला किती उतरतं, ऑइल भरायचं झाकण काढलं तर धूर फुंकल्यासारखा येतो का. निळा धूर ऑइलचा. गरम झाल्यावरही न थांबणारा पांढरा धूर आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे म्हणजे हेड गॅस्केट. बिडाच्या ब्लॉकवर अॅल्युमिनियमचं हेड असल्यामुळे एकदा जोरात तापलेली पद्मिनी हेड वाकडं करून बसते. यावर किंमत कमी करून घ्या. हे सगळं दुरुस्त होणारं आहे.

हेड खोलणं: हे तुमचं काम नाही

एवढं करूनही शंका उरली, म्हणजे नंबर अस्पष्ट आहे पण घराणं जुळतंय, किंवा गाडी महाग आहे आणि मूळ इंजिन म्हणूनच पैसे मागितले जातायत, तर हेड उतरवून बोअर मोजावा लागतो. हे इंजिन बोअरिंग करणाऱ्या वर्कशॉपचं काम आहे. त्यांच्याकडे बोअर गेज असतं. ६८ च्या जरा पुढे माप निघालं तर बोअर वाढवून ओव्हरसाइझ, म्हणजे जरा मोठे, पिस्टन घातलेत. पिस्टनच्या माथ्यावरचा कार्बन पुसला की ओव्हरसाइझचा आकडा बहुधा तिथेच सापडतो. ७३ च्या आसपास निघालं तर ते फियाटचं इंजिनच नाही. स्लीव्ह (बोअरच्या आत बसवलेल्या नळ्या) घातलेल्या असतील तर तेही इथेच दिसेल. विक्रेत्याची लेखी परवानगी, गॅस्केटचा आणि बसवणीचा खर्च कोणाचा, हे आधी ठरवा. दुसऱ्याच्या गाडीचं हेड बोलाचालीवर खोलू नये.

कुठे थांबायचं

चेसिस नंबर जुळत नाही, किंवा कोणताही नंबर घासलेला वा पुन्हा ठोकलेला वाटतो: इसार देऊ नका, दिला असेल तर गाडी ताब्यात घेऊ नका. घासलेला नंबर परत वाचणं हे न्यायवैद्यक प्रयोगशाळेचं काम आहे, तेही पोलिसांमार्फत. घरी आम्ल लावून नंबर उठवायचे प्रयोग करू नका, उरलासुरला पुरावाही त्यात जातो. 'आपण आरसीवरचा नंबर ठोकून देऊ, शंभर लोकांनी केलंय' असं एखादा एजंट म्हणेल. तो गुन्हा आहे आणि नंतर गाडी तुमच्या नावावर असते, एजंटच्या नाही.

इंजिन वेगळं आहे पण बिलं आहेत, फक्त नोंद नाही: मोटार वाहन निरीक्षकांना विक्रेत्याबरोबर जाऊन भेटा, नोंद होईल का ते विचारा, आणि नोंद झाल्यावरच व्यवहार करा. ५० वर्षांहून जुनी गाडी व्हिंटेज म्हणून 'व्हीए' मालिकेत नोंदवायचा विचार असेल तर आणखी काळजी घ्या. २०२१च्या नियमांत गाडी मूळ रूपात असणं आणि चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नसणं ही अटच आहे. पहिल्या पद्मिनी आता त्या वयाला पोचल्या आहेत, म्हणून मूळ इंजिनाची किंमत इथून पुढे वाढणारच.

अँबेसिडर आणि जीप घेणाऱ्यांसाठी

क्रम तोच, आकडे वेगळे. अँबेसिडरच्या सुरुवातीच्या गाड्यांत १४७६ सीसीचं साइड व्हॉल्व (व्हॉल्व ब्लॉकमध्ये असलेलं) इंजिन होतं, मग ब्रिटनच्या बीएमसीचं १४८९ सीसी ओव्हरहेड व्हॉल्वचं (व्हॉल्व हेडमध्ये असलेलं) आलं. डिझेलही १४८९ सीसीच होतं. त्यामुळे इथे सीसी बघून काहीच कळत नाही, इंधनाचा रकाना आणि बोनेटखालचा पंप बघावा लागतो. पेट्रोलची डिझेल केलेली अँबेसिडर तर गावोगाव सापडते. १९९०च्या दशकातल्या इसुझुच्या १८१७ सीसी पेट्रोल इंजिनाचा कॅमशाफ्ट हेडमध्ये आहे आणि गिअर पाच आहेत. सत्तरच्या दशकातल्या गाडीत ते दिसलं तर ते नंतर चढवलेलं आहे, यात शंका नको.

दुसऱ्या महायुद्धातल्या जीप विलिस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी बनवल्या. त्यांत विलिसच्या इंजिन नंबराआधी एमबी आणि फोर्डच्या नंबराआधी जीपीडब्ल्यू ही अक्षरं असतात. फोर्डने इंजिनाचाच नंबर चेसिसवरही ठोकला होता, विलिसने तसं केलं नव्हतं. म्हणजे विलिसचे दोन नंबर वेगळे दिसले तर ते बरोबरच आहे! इंजिनाचं हेड अगदी सपाट असेल तर ते युद्धकाळातलं साइड व्हॉल्व इंजिन. व्हॉल्वचं कव्हर वर उंच दिसत असेल तर ते नंतरचं हरिकेन, ज्यात इनलेट व्हॉल्व हेडमध्ये आणि एक्झॉस्ट ब्लॉकमध्ये असतो.

गाडी घेऊन झाली असेल तर

मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या असतील पण आरटीओत दिले नसतील, तर ते तसेच ठेवा. विक्रेत्याला लेखी कळवा, सोबत नंबराचा फोटो आणि पेन्सिलचा छाप जोडा. त्याच्याच नावावर असताना इंजिनाची नोंद करून घेणं दोघांनाही सोपं जातं, कारण बिलं आणि आधीच्या मालकाचा पत्ता त्याच्याकडे असतो. नोंद होईपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका. अपघात झाला तर विमा कंपनीचा सर्व्हेअर इंजिन नंबर बघतो. आणि गाडी आधीच तुमच्या नावावर झाली असेल, निरीक्षकांच्या नजरेतून नंबर सुटला असेल, तर पुढच्या पासिंगची वाट बघू नका. वकिलाला कागद दाखवून नोंदणी अधिकाऱ्याकडे स्वतः अर्ज करा. जुना ब्लॉक गॅरेजच्या कोपऱ्यात पडलेला असेल तर तो भंगारात देऊ नका. त्यावरचा नंबर आरसीशी जुळत असेल तर त्याचं बोअरिंग करून तोच परत बसवणं हा बहुतेक वेळा सगळ्यात स्वस्त मार्ग ठरतो.